पाच रुपयांना एक पुस्तक

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. लिहिणारे चौघं एकमेकांना ओळखत नसणार, पण चौघांचे प्रश्न बक्षीस, शिक्षा, सवय आणि भीती यांच्याभोवतीच फिरतात. इंदूरच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचे तेव्हा हाच भाग माझ्या वाट्याला यायचा, त्यामुळे एखादं उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

प्रश्न : माझा नातू सात वर्षांचा आहे. मागच्या वर्षापर्यंत आपणहून गोष्टींची पुस्तकं घेऊन बसायचा. घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी, शाळा इंग्रजी. तेव्हा मराठी वाचन वाढावं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं की एक पुस्तक संपलं की पाच रुपये. सुरुवातीला नुसती धमाल. आता तो कपाटातली सगळ्यात बारीक पुस्तकं हुडकून काढतो, आणि पैसे नाहीत म्हटलं की पुस्तकाला हात लावत नाही. सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्हीच बिघडवलंत." बक्षीस दिलं की मूल शिकतं, असंच तर आपण ऐकत आलो. मग हे उलटं कसं झालं?
— एक आजोबा, सुदामानगर

उत्तर : आजोबा, तुमचं बक्षीस अगदी चोख चाललंय. ज्याचे पैसे दिलेत तेच वाढलं. फक्त तुम्ही पैसे वाचनाचे दिले नाहीत, पुस्तक संपवण्याचे दिलेत. सोळा पानांचं असो की साठ पानांचं, भाव एकच. मग नातवाने सोळा पानी उचललं तर सराफ्यातला व्यापारी तरी दुसरं काय करता? स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत उंदरांना कळ दाबायला शिकवलं, तेव्हा त्याने हीच गोष्ट दाखवली होती. ज्या कृतीच्या पाठोपाठ दाणा येतो नेमकी तीच कृती वाढते. आपल्या मनात कुठली होती, याच्याशी दाण्याला देणंघेणं नसतं.

पण दुसरी गोष्ट, म्हणजे पैसे नसले तर हातच न लावणं, ही स्किनरच्या चौकटीत तितकी सहज बसत नाही. त्यासाठी १९७३ चा एक प्रयोग सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधी सांगितलं, चित्रं काढलीत तर सोनेरी ताऱ्याचं, रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात स्केचपेन टेबलावर ठेवून ते पाहत राहिले. ज्यांना आधी बक्षिसाचं सांगितलं होतं, त्यांनी चित्रकलेला इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ दिला. आणि बक्षिसासाठी काढलेली चित्रं दर्जाने उतरलेली होती. तुमच्या नातवाची बारीक पुस्तकं आठवा. न सांगता दिलेल्या बक्षिसाने मात्र आवड कमी झाली नाही.

म्हणजे आवड आधीच होती तिथे तुम्ही पगार सुरू केलात, आणि मुलाने त्यातून एवढंच ओळखलं की हे काम असणार, नाहीतर पैसे कशाला दिले असते.

आता काय कराल? पैसे बंद करा, भाषण न देता. काही दिवस तो वाचणार नाही. न वाचू दे, मागे लागू नका. रात्री तुम्हीच एक जाड पुस्तक काढून मोठ्याने वाचायला बसा, आणि गोष्ट ऐन रंगात आली की "अरे, औषध घ्यायचं राहिलं" म्हणून उठा. पुस्तक उघडं राहू द्या, पलंगावर, त्याच्या हाताशी. पाच रुपये द्यायची फारच हौस असेल तर ज्या कामाची कोणालाच आवड नसते तिथे द्या. चपला जागेवर लावणं, कूलरमध्ये पाणी भरणं. तिथे कमी व्हायला मुळी आवडच नाही, त्यामुळे बक्षीस निर्धास्त वापरा. तोंडाने केलेलं कौतुकही चालतं, पण ते "शहाणा माझा बाळ" असं नको. "त्या राक्षसाचा आवाज तू काय भारी काढलास" असं नेमकं असू दे.

प्रश्न : मी बी.एड. करते. "अध्ययनाच्या वर्तनवादी उपपत्तींचे गुण-दोष लिहा" हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो. नोट्समध्ये पाच गुण, पाच दोष आणि शेवटी "मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे" हे वाक्य आहे. सर म्हणतात वर्तनवाद आता कालबाह्य. पण पाठ घ्यायला शाळेत गेले की वहीवरचा स्टार, हाउसचे पॉइंट, मॉनिटरचा बिल्ला, डायरीतला लाल शेरा, सगळीकडे तोच दिसतो. नक्की काय समजायचं?
— बी.एड.ची विद्यार्थिनी, स्नेहलतागंज

उत्तर : परीक्षेत नोट्स लिही, मार्क पदरात पाड. इथे मला जे वाटतं ते सांगते.

ते उंदराचं वाक्य मी आयुष्यभर पेपरांत तपासलं आणि त्याला कधी पूर्ण मार्क दिले नाहीत. ती नुसती रुसवी तक्रार आहे. माणूस उंदीर नाही हे वॉटसनलाही माहीत होतं. १९१३ मध्ये त्याने वर्तनवादाचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावरूनच शिकणं समजून घेण्याचा, जो जाहीरनामा लिहिला, त्याच्या मागची अडचण खरी होती. तेव्हाचे मानसशास्त्रज्ञ माणसाला सांगत, आत डोकावून बघ आणि काय दिसतं ते सांग. एका प्रयोगशाळेत एक दिसे, दुसरीत दुसरं, आणि निवाडा करायची सोय नाही. वॉटसन म्हणाला, जे दोघांनाही दिसतं तेवढंच मोजू या. ही शिस्त हा या उपपत्तींचा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि नोट्समध्ये तो सहसा एका ओळीत गुंडाळलेला असतो.

शाळेत त्याचा उपयोग कसा होतो बघ. "हा मुलगा आळशी आहे" या वाक्याचं शिक्षकाने करायचं काय? काहीच करता येत नाही. आता असं बघ : गणिताची वही तो सोमवारपासून आणत नाही, न आणणाऱ्यांना बाई वर्गाबाहेर उभं करतात, बाहेर त्याचा जिगरी दोस्त आधीच उभा असतो, आणि व्हरांड्यातून मैदानावरची क्रिकेटची मॅच दिसते. बाईंच्या मते ही शिक्षा. मुलाच्या बाजूने हे धन प्रबलन, म्हणजे वर्तन वाढवणारं बक्षीस, तेही रोज, वेळेवर, न चुकता. आळस वगैरे काही नाही, पोराला चांगलं शिकवलं गेलंय! कृतीच्या लगेच आधी काय घडतं आणि लगेच नंतर काय घडतं, एवढे दोन प्रश्न विचारायची सवय लागली तर बी.एड.ची फी वसूल झाली असं समज.

थॉर्नडाइकने पेटीत कोंडलेल्या मांजरी तुला माहीतच आहेत. पेटीतून सुटायला मांजरीला लागणारा वेळ एकदम नाही, हळूहळू खाली येतो, हे त्याने १८९८ मध्ये आलेखावर दाखवलं. पुढे त्याने आपलाच परिणामाचा नियम दुरुस्त केला, की बक्षिसाने प्रसंग आणि कृती यांतला दुवा पक्का होतो, पण शिक्षेने तेवढाच कच्चा होत नाही. शिक्षेचा मुद्दा इथेच उरकते. ताबडतोब, जोरदार आणि दर वेळी दिली तर शिक्षा वर्तन दाबते, नाही असं नाही. पण शाळेत ती तशी मिळतच नाही. मिळते ती उशिरा आणि बाईंच्या मूडप्रमाणे. शिवाय मारामुळे दंगा थांबला की नाही हा पुढचा प्रश्न, बाई दिसताच पोटात गोळा येणं मात्र पक्कं शिकून होतं, आणि बाईंबरोबर गणिताचं पुस्तकही त्यात ओढलं जातं. स्किनरचं (बक्षीस-शिक्षेचं) गणित मांडायला जावं आणि पावलोव्हचं (संकेत दिसताच आपोआप उठणाऱ्या प्रतिक्रियेचं) सुटावं, असा प्रकार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं दोन्ही बंद केलंय, हे पाठ घेताना लक्षात ठेव.

स्किनर १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. सगळी मुलं तीच गणितं सोडवतायत. ज्यांची झाली ती कंटाळलेली, ज्यांना येत नाहीत ती अडकलेली, आणि बरोबर की चूक हे कळणार दुसऱ्या दिवशी. हे बघून त्याने शिकवण्याचं यंत्र बनवलं. एक छोटी पायरी, त्यावर उत्तर, लगेच निकाल, मग पुढची पायरी. फोनवर भाषा शिकवणारी अॅप्स आज तेच करतात. आणि आपल्याकडे तपासलेली वही आठ दिवसांनी परत येते, तेव्हा मूल आपण काय लिहिलं होतं तेच विसरलेलं असतं.

अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाचं तर काय सांगू. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की वर्तन लवकर विझतं. कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर चिवटपणे टिकतं. जेवताना मोबाइलसाठी रडणारं मूल आठव. आई तीनदा "नाही" म्हणते आणि चौथ्यांदा, पाहुणे बसलेत म्हणून, हातात देते. तिला वाटतं, आज तीनदा तरी ठाम राहिले. मुलाने शिकलेलं असतं की चार वेळा रडावं लागतं. मग एखाद्या दिवशी ती खरोखर ठाम राहते तेव्हा रडणं आधी वाढतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "बघ, याचा काही उपयोग नाही." उपयोग तिथूनच सुरू होणार असतो. हे भाकीत वर्तनवाद जितकं बिनचूक करतो तितकं करणारी दुसरी उपपत्ती मला अजून भेटलेली नाही.

आता दोष. पहिला मोठा दोष म्हणजे कुठलाही संकेत कुठल्याही गोष्टीला जोडता येतो, ही समजूत. १९६६ मध्ये गार्सिया आणि केलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं. पिताना दिवा लागायचा आणि आवाजही व्हायचा. काही उंदरांना नंतर मळमळेल असं केलं, काहींना विजेचा झटका दिला. मळमळलेल्यांनी गोड चव सोडली, दिव्या-आवाजाचं त्यांना काही वाटलं नाही. झटका बसलेल्यांनी नेमकं उलटं केलं. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खाल्लेली पाणीपुरी रात्री बाधली तर आपण पाणीपुरीचं नाव घेतो, ठेलेवाल्याच्या निळ्या शर्टाचं नाही, आणि खाणं व बाधणं यांत तास उलटलेले असले तरीही. म्हणजे प्राणी कोरी पाटी घेऊन येत नाही. काय कशाला जोडायचं याची तयारी तो बरोबर घेऊन येतो.

याचं माझं आवडतं उदाहरण स्किनरच्याच शिष्यांचं आहे. ब्रेलंड पतिपत्नी जाहिरातींसाठी नि खेळांसाठी प्राणी शिकवायचे. त्यांनी रॅकून या अमेरिकी रानटी प्राण्याला नाणं डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं असेपर्यंत ठीक चाललं. दोन दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसला, डब्यात बुडवून पुन्हा काढू लागला, खाणं धुऊन घेतात तसं. दाणा मिळेना तरी सोडेना, दिवसेंदिवस जास्तच. १९६१ मध्ये दोघांनी हे सगळं प्रामाणिकपणे छापलं. घरचेच साक्षीदार उलटले म्हणायचे.

दुसरा दोष : बक्षीस नसतानाही शिकणं होतं. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांना दहा दिवस भुलभुलैयात नुसतं फिरू दिलं, शेवटी खाणं ठेवलंच नाही. अकराव्या दिवशी ठेवलं, आणि त्यांच्या चुका एकदम घटून पहिल्यापासून खाणं मिळणाऱ्यांच्या बरोबरीला आल्या. वाट त्यांनी आधीच शिकलेली होती, दाखवायला कारण नव्हतं इतकंच. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल मत बनवण्याआधी हे उंदीर आठव. बांडुराच्या प्रयोगातली, मोठ्यांचं बघून बाहुली बडवणारी मुलं आणि भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये स्किनरच्या भाषाविषयक पुस्तकाची काढलेली पिसं, हे तुझ्या नोट्समध्ये असेलच, ते वाच.

मला वर्गात सगळ्यात जास्त टोचलेला दोष मात्र वेगळा आहे. हातच्याची बेरीज स्टार देऊन घोटून घेतलेली मुलगी पाटीभर गणितं धडाधड सोडवते. मग तिला शाब्दिक उदाहरण दिलं, की मनीषकडे छत्तीस गोट्या आहेत, त्या त्याच्या भावापेक्षा सतराने जास्त आहेत, तर भावाकडे किती? ती मान वर करून विचारते, "मॅडम, यात बेरीज करायची की वजाबाकी?" "जास्त" शब्द दिसला की अधिक करायचं, असं ती शिकलीये, आणि त्याबद्दल तिला स्टारही मिळालेत. कृती झाली, ती टिकली, वेगही आला. कळलं का, हे या उपपत्तींनी मोजायचंच नाकारलं, आणि जे मोजलं नाही ते शिकवायचंही राहून गेलं. वॉटसनच्या शिस्तीची ही किंमत. माझ्या मते गुण आणि दोष असे दोन रकाने पाडण्यापेक्षा, एकाच निर्णयातून दोन्ही कसे निघाले हे उत्तरपत्रिकेत लिहिलंस तर चांगल्या परीक्षकाला ते पटेल.

कालबाह्य म्हणशील, तर भीतीवरचे उपचार, स्वमग्न मुलांना अंघोळ-जेवण-कपड्यांची कामं टप्प्याटप्प्याने शिकवणं, हे आजही याच पायावर चालतं. सरांशी वाद घालू नकोस. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत. (हेही प्रबलनच.)

प्रश्न : सकाळी कचरागाडीचं गाणं लागलं की आमच्या गल्लीतले सगळे बादल्या घेऊन बाहेर. माझे यजमान म्हणतात, "भिया, आपण सगळे पावलोव्हचे कुत्रे झालो." हे खरं का? आणि इंदूर सुधारलं ते दंडाने की सवयीने?
— एक गृहिणी, राजेंद्रनगर

उत्तर : यजमानांना सांगा, कुत्रा चुकला. पावलोव्ह मुळात पचनक्रियेचा अभ्यासक, १९०४ चं नोबेलही त्यासाठीच. खाण्याआधी दर वेळी मेट्रोनोमचे (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राचे) ठोके ऐकलेल्या त्याच्या कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या ठोक्याबरोबर लाळ सुटायची, ती कुत्र्याने ठरवून नाही. थांबवायची म्हटली तरी थांबली नसती. तुम्ही बादली उचलता ते हातांनी, आणि मनात आलं तर नाही उचलत. गाणं फक्त कळवतं की आत्ता बाहेर गेलात तर फेरी फुकट जाणार नाही. हे स्किनरच्या खात्यातलं. पावलोव्ह हवा असेल तर यजमानांना सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर उभं करा, गरम पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडताना बघू द्या, मग तोंडाचं काय होतं ते विचारा.

२०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर सलग पहिलं आलं, त्यात दंड होताच. पण दंडाचे नियम गावोगाव असतात. इथे गाडी रोज दारात येऊ लागली, ओलं-सुकं वेगळं घेऊ लागली, आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या. म्हणजे योग्य गोष्ट सोपी झाली, चुकीची अवघड. वर समोरच्या काकूंची नजर. माझ्या मते दंडापेक्षा याचा वाटा मोठा आहे. मात्र संकेत असतो तिथेच सवय असते, हेही दिसतं. गल्लीत चार कप्प्यांत कचरा वेगळा करणारा आपलाच माणूस ओंकारेश्वरच्या रस्त्यावर गाडीची काच खाली करून वेफरचं पाकीट सोडतो. आणि मग पातालपाणीच्या सहलीहून रिकामी पाकिटं पिशवीत भरून घरी आणणारेही मी पाहिलेत, जिथे ना गाणं, ना दंड, ना काकू. त्यांना स्किनरच्या खात्यात ओढून बसवता येतं. मन लावून केलं की सगळंच बसवता येतं. मला ते ओढूनताणून वाटतं. "आम्ही इंदूरचे" ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आहे, आणि डोक्यात काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची. शेजारचा कुत्रा अंगावर भुंकला तेव्हापासून कुत्रा दिसला की किंचाळते. सासरे म्हणतात, धरून एकदा त्याच्याजवळ न्या, भीती मोडेल.
— एक आई, विजयनगर

उत्तर : नेऊ नका. भीती लावायला किती कमी लागतं हे वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये दाखवलं. अल्बर्ट नावाचं जेमतेम अकरा महिन्यांचं बाळ पांढऱ्या उंदराला हात लावायला गेलं की मागे लोखंडी दांडीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा. असं थोड्याच वेळा झाल्यावर ते उंदीर दिसताच रडू लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागलं. आणि ती भीती काढून टाकण्याआधीच बाळ तिथून गेलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये.

काढायची रीत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये दाखवली. पीटर नावाचा मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, तो निवांत खाऊ शकेल इतका लांब. रोज थोडा जवळ. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला असत. शेवटी त्याने सशाला हात लावला.

तुम्ही आधी कुत्र्यांची चित्रं दाखवा, मग गॅलरीतून खालचा कुत्रा, हातात तिच्या आवडीचं काहीतरी. मग एखाद्या ओळखीच्या घरचा म्हातारा, शांत, साखळीला बांधलेला कुत्रा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एखाद्या पायरीवर ती रडली तर एक पायरी मागे या. सोडून देऊ नका, रेटूही नका. दुसरं मूल त्या कुत्र्याला बिस्किट देताना तिला दिसलं तर फार बरं. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांपाशी मात्र हा प्रयोग करू नका; त्यांच्यापासून ती लांब राहिली तर राहू द्या. आणि या भीतीपायी तिने शाळेत जाणं किंवा बाहेर खेळणंच सोडलं, तर घरचे उपाय थांबवून बालमानसतज्ज्ञाला दाखवा.